मोबाइल ठेवला तरी प्रार्थनेत मन लागत नाही

पत्र :

"ताई, सलाम. मी मूळची नगरची, लग्नानंतर पुण्यात हडपसरला राहते, एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, वय ४१. लहानपणी घरी रोज रात्री जेवणाआधी कुटुंबप्रार्थना व्हायची, आजीला 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी गाणी पाठ होती. आता माझं असं झालंय की बायबल वाचायला ॲप उघडते, दोन वचनं होतात न होतात तोच वरून मेसेज येतो, महिला मंडळाच्या ग्रुपची मी ॲडमिन आहे म्हणून बघावंच लागतं, मग तिथून कोणाचं स्टेटस, मग रील, आणि भानावर येते तेव्हा पाऊण तास गेलेला असतो आणि आपण काय वाचत होतो तेही आठवत नाही. गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, चाळीस दिवस व्हॉट्सॲप सोडून बाकी सगळं बंद केलं होतं. जमलं. घरातली राहिलेली कामं झाली, झोप झाली, पण प्रार्थना काही वाढली नाही, आणि ईस्टरच्या रात्री दोन वाजेपर्यंत रील बघत बसले आणि मग रडू आलं. मुलगा नववीत आहे, त्याला मोबाइल ठेव म्हटलं की तो माझ्याच हाताकडे बघतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, 'तू कोमट आहेस म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार' हे वचन डोक्यातून जात नाही. देवाला माझा वीट आला असेल का? स्मार्टफोन काढून टाकून साधा फोन घेऊ का? पाळकसाहेबांना सांगून ॲडमिनपण सोडू का? — तुमची एक बहीण"

उत्तर :

ताई, सलाम.

आधी त्या कोमटपणाचं बोलू, कारण ते मनात घोळत असताना बाकीचं काही आत जाणार नाही. ते वचन लावदिकीया शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि ती मंडळी स्वतःबद्दल काय म्हणत होती ते लगेच पुढच्या वचनात येतं, की मी श्रीमंत आहे, माझं सगळं भरपूर आहे, मला कशाचीच गरज नाही. तुमच्या पत्रात असलं एक अक्षर तरी आहे का? तुम्ही ईस्टरच्या रात्री रडलात. आणि त्याच पत्रात चार वचनं पुढे गेलात तर प्रभू दाराशी उभा राहून दार ठोकतोय. ज्याला आपला वीट आलाय तो आपल्या दाराशी कशाला उभा राहील. म्हणून ते वचन अर्धवट वाचून स्वतःला मारत बसू नका, पूर्ण अध्याय वाचा, आणि तो आजच वाचा.

आता लेंटचं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे "जमलं, पण प्रार्थना काही वाढली नाही". चाळीस दिवस रील न बघणं म्हणजे लहान गोष्ट नाही, नाईट ड्युटी करून आलेल्या बाईला तर नाहीच, तेव्हा आपल्यात ताकद नाही हे म्हणणं आता सोडून द्या. पण मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेलं आठवा, एका माणसातून अशुद्ध आत्मा निघून जातो, वणवण फिरतो, त्याला कुठे विसावा मिळत नाही, मग तो परत येऊन बघतो तर घर रिकामं, झाडलेलं, सजवलेलं. मग तो आपल्यापेक्षा वाईट असे आणखी सात सोबत घेऊन येतो. रील म्हणजे भूत आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, तसं बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्याने माणसं फक्त घाबरतात. मला म्हणायचंय ते घराबद्दल. ते स्वच्छ होतं, नीटनेटकं होतं, आणि रिकामं होतं. तुम्ही लेंटमध्ये जागा मोकळी केली आणि त्या जागेत राहिलेली कामं आणि झोप आली, दोन्ही चांगलीच, झोप तर तुम्हाला हवीच होती, पण प्रभूसाठी त्या मोकळ्या वेळात कुठे बसायचं, काय करायचं, किती वेळ, हे काहीच ठरलेलं नव्हतं. म्हणून ईस्टरला परवानगी मिळाल्याबरोबर जुनं सगळं परत आलं. यापुढे मोबाइल कसा सोडू हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न, मी प्रभूबरोबर कधी आणि कुठे बसणार.

मोबाइलची ओढ खोटी नाही आणि ती सगळी तुमच्या पापी स्वभावातून आलेली आहे असंही समजू नका. जुन्या पेपरला शेवटचं पान असायचं, रीलला ते ठेवलेलंच नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, आणि दहा फालतू गेल्यावर अकरावं खरंच छान निघतं, त्या अकराव्याच्या आशेने बोट चालू राहतं. हे नीट अभ्यास करून, हुशार माणसांनी पगार घेऊन बनवलेलं आहे आणि त्यांचा धंदा तुमच्या वेळावर चालतो. एवढं कळलं की स्वतःवरचा राग थोडा कमी होतो आणि सावधपणा वाढतो, मला तुमच्यात तेवढंच हवंय. भारतात रील आले २०२० मध्ये, टिकटॉकवर बंदी आली त्याच सुमारास, आणि तेच वर्ष चर्चेस बंद होऊन उपासना झूमवर आणि यूट्यूबवर आल्याचं. म्हणजे प्रभूची उपासना आणि हा न संपणारा तमाशा, दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच वर्षी घरात शिरले. तुमच्या मंडळाचा ग्रुप त्या वेळचा आहे की नाही मला माहीत नाही, पण आपल्या बहुतेक मंडळ्यांचे ग्रुप तेव्हाच फुगले. त्या दिवसांत त्यांनी माणसांना धरून ठेवलं हे मी कधीच नाकारणार नाही. म्हातारी माणसं एकटी घरात अडकली होती, त्यांच्या कानावर वचन पडलं ते मोबाइलमुळेच.

पण ताई, आता जे लिहितेय ते जरा शांतपणे वाचा, कारण तुमचा खरा गुंता मला इथे दिसतो. तुम्ही रीलला दोष दिलाय. मला तुमच्या बाबतीत रीलपेक्षा जास्त काळजी वाटते ती मोबाइलवर देवाच्या नावाने चाललेल्या गोष्टींची. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या काय येतं ते तुम्हीच आठवून बघा. उगवता सूर्य, कबुतर, खाली "आजचे वचन", तेच चित्र चार ग्रुपवर चार जणींनी टाकलेलं. मग कुठल्यातरी पास्टरांच्या संदेशाचा मिनिटभराचा तुकडा, मागे पियानो. मग क्वायरच्या प्रॅक्टिसचा ऑडिओ. मग कोणाची तरी प्रेयर रिक्वेस्ट आणि तिच्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मग ॲडमिन म्हणून तुमचं "आमेन, प्रभू कार्य करो". यात वाईट काय आहे? एकही गोष्ट वाईट नाही, आणि म्हणूनच ती सुटत नाही. रील बघितल्यावर निदान टोचतं तरी. हे सगळं केल्यावर आपण सकाळ देवाला दिली असं वाटतं, आणि प्रत्यक्षात तुम्ही त्याच्याशी एक वाक्य बोललेल्या नसता आणि त्याचं एक वाक्य शांतपणे ऐकलेलं नसतं. वचन डोळ्यांखालून गेलं, फॉरवर्ड झालं, संपलं.

आमच्या मंडळीतल्या एका बहिणीच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं. तिने ग्रुपवर प्रार्थनेची विनंती टाकली तेव्हा दहा मिनिटांत अख्ख्या ग्रुपने हात जोडले. नंतर ती मला म्हणाली, "सगळ्यांनी आमेन लिहिलं, पण डायलिसिस कुठल्या वारी असतं हे कोणी विचारलं नाही." ती तक्रार करत नव्हती, दमलेली होती. वार विचारला असता तर कोणीतरी बरोबर गेलं असतं, कोणीतरी डबा दिला असता, आणि त्या वारी त्या वेळेला कोणीतरी खरंच गुडघे टेकले असते. इमोजी टाकल्यावर आपलं काम झालं असं मनाला वाटतं आणि प्रार्थना करायची राहूनच जाते. तुम्ही नर्स आहात, डायलिसिसचे चार तास काय असतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलं की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लाव, आणि गुप्त असलेल्या पित्याशी बोल. दार लावायचं का, तर बघणारं कोणी नको. मोबाइलवर नेमकं हेच होत नाही, तिथे प्रत्येक गोष्टीला बघणारा आहे, निळ्या टिका आहेत, स्टेटस कोणी बघितलं त्याची यादी आहे. तुमच्या आध्यात्मिक जीवनात आज अशी एक तरी गोष्ट आहे का जी तुमच्या आणि प्रभूच्या पलीकडे कोणालाच माहीत नाही? नसेल तर तिथून सुरुवात करायची. आणि सुरू केल्यावर ग्रुपवर सांगायचं नाही की मी हे सुरू केलंय.

आता प्रत्यक्ष बसल्यावर काय होईल तेही सांगते म्हणजे घाबरून उठणार नाही. पहिली पाच-दहा मिनिटं फार वाईट जातात. खाज येते, गॅस बंद केला का आठवतं, अमकीला रिप्लाय द्यायचा राहिला आठवतं, हात आपोआप मोबाइलच्या दिशेने जातो. तुम्हाला वाटेल आपण या जमान्याची माणसं बिघडलोय. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होता, ३९९ साली वारला, त्याने आपल्यासारख्या एकांतात राहणाऱ्या भावांचं जे वर्णन लिहून ठेवलंय ते वाचून मी थक्क झाले होते. दुपारची वेळ, सूर्य हलेचना असं त्या भावाला वाटतं, दिवस जणू पन्नास तासांचा, तो सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे ते सूर्यावरून बघतो, कोणी भाऊ भेटायला येतोय का बघतो. वाचायला बसला की जांभया देतो, डोळे चोळतो, किती पानं राहिली ते मोजतो, आणि शेवटी पुस्तक मिटून डोक्याखाली घेऊन झोपतो, तीही झोप गाढ नाही. मोबाइल नव्हता, वीज नव्हती, बायकोमुलं नव्हती, आणि तरी! माणसाचं मन देवासमोर एकटं बसायला आधीपासूनच चुळबुळतं, आपल्या काळात फक्त त्या चुळबुळीला खिशातच पळवाट मिळालीय. इव्हाग्रियसने त्यावर दिलेला उपाय एकदम साधा होता, जागेवरून उठू नका, छोट्या छोट्या प्रार्थना करा, हाताला काम ठेवा. त्याच्याच वाटेने गेलेल्या कॅशियन नावाच्या संन्याशाने एकच वचन दिवसभर तोंडात ठेवायला सांगितलं, स्तोत्र ७० चं पहिलं, देवा मला सोडवायला लवकर ये, मला मदत करायला धाव. मन भरकटलं की तेवढंच म्हणायचं आणि परत यायचं. शंभर वेळा भरकटलं तर शंभर वेळा परत यायचं, त्या परत येण्यालाच प्रार्थना समजा, बिघाड समजू नका.

आणि तुम्हाला लक्ष देता येत नाही हे मी मानायलाच तयार नाही. पेशंटची पल्स मोजताना तुम्ही मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट घड्याळाकडे बघता, कोणी हाक मारली तरी मान हलवून थांब म्हणता, मध्येच मोजणं चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजता आणि त्यात स्वतःला शिव्या घालत नाही. तेच लक्ष, तीच बोटं, तसंच बसायचं.

वेळेचं काय? "पहाटे पाचला उठा" हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही, ज्यांना तीन शिफ्ट आहेत त्यांना तो देणारे लोक ड्युटी केलेले नसतात. तुमचा वेळ घड्याळाला बांधू नका, एखाद्या रोजच्या कृतीला बांधा. ड्युटीवरून आलात, अंघोळ केली, केस पुसले, आणि जेवायला बसायच्या आधी, शिफ्ट कुठलीही असो. मॉर्निंग असेल तर ते दुपारी चारला येईल, नाईट असेल तर सकाळी नऊला, हरकत नाही. जागा मात्र एकच ठेवा. बेड नको, झोप लागेल, आणि जिथे बसून रील बघता तो सोफाही नको, ते शरीराला माहीत असतं. स्वयंपाकघरातला स्टूल चालेल, गॅलरी चालेल. सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरे. मोबाइल त्या वेळी दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. तुमच्या कामात फोन पूर्ण बंद ठेवणं बरोबर नाही हे मला कळतं, म्हणून त्या वेळेला डू नॉट डिस्टर्ब लावा आणि त्यात मुलगा, मिस्टर, आई आणि वॉर्ड एवढ्यांनाच परवानगी द्या, शिवाय तोच नंबर लागोपाठ दुसऱ्यांदा आला तर वाजू दे अशीही सोय त्यात असते. खरी गरज पडली तर फोन वाजेल. बाकी कोणाचंही काहीही पंधरा मिनिटं थांबतं.

आणि कागदाचं पवित्र शास्त्र काढा. तुमच्याकडे असणारच, बहुतेक लग्नात मिळालेलं, कपाटात. ॲपबद्दल माझी तक्रार नाही, लोकलमध्ये, कॅन्टीनमध्ये वाचायला चांगलं आहे, डोळे अधू झालेल्यांना अक्षर मोठं करता येतं, वाचता न येणाऱ्याला ऐकता येतं. पण तुमच्या बाबतीत ॲप आणि ग्रुप एकाच खिडकीत आहेत आणि रोज तिथेच पाय घसरतो, मग तिथून जायचंच कशाला. मार्कपासून सुरू करा, सगळ्यात लहान शुभवर्तमान, घटना भराभर पुढे जातात. एका वेळी दहा-पंधरा वचनं, मोठ्याने, हो आवाज काढून, घरात कोणी ऐकलं तरी ऐकू दे. मग पुन्हा तेवढीच, हळू. एखादं वाक्य अडकलं तर तिथेच थांबा, पुढे जायची घाई नाही, वर्षात बायबल पूर्ण करायचा प्लॅन तुम्ही सध्या बाजूला ठेवा. मग त्या वाक्याबद्दल प्रभूशी बोला, तुमच्या घरच्या बोलीत, नगरच्या, स्टेजवरची प्रार्थना नको. मग दोन मिनिटं गप्प. झालं.

पहिल्याच अध्यायात ३५ वं वचन येईल, तिथे जरा जास्त थांबा असं माझं सांगणं आहे. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात सगळं गाव दाराशी जमलं होतं, आजारी, भूत लागलेले, येशूने पुष्कळांना बरं केलं. आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात जाऊन प्रार्थना करत बसला. त्याचा शिष्य शिमोन आणि बरोबरचे त्याला शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुमचा शोध करताहेत. ताई, हे शोधणारे लोक रिकामटेकडे नव्हते. त्यांच्यात खरे आजारी होते, वॉर्डात असतात तसे. तरी येशू त्यांच्याकडे परत गेला नाही, पित्याने दिलेल्या कामाला, पुढच्या गावांना गेला, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी एका कुष्ठरोग्याला कळवळून हात लावला. म्हणजे त्याने लोकांना टाळलं असंही नाही. एकांतात त्याचं ठरलं की आज कोणाकडे जायचं. जो आवाज सगळ्यात जोरात येतो त्याच्याकडे जायचं असं त्याने केलं नाही. ग्रुपवर चोवीस तास हजर असणं म्हणजे सेवा असं तुम्हाला जे वाटतं ना, त्याला माझं उत्तर हे वचन आहे.

साधा फोन घ्यायचा का? मला वाटतं नको. ड्युटीचा रोस्टर व्हॉट्सॲपवर येतो, मुलाच्या शाळेचा अभ्यास येतो, यूपीआय लागतं, आठवड्यात परत स्मार्टफोन घ्याल आणि वर हरल्याचं दुःख होईल. त्यापेक्षा रीलचं ॲप काढून टाका, बघायचंच असेल तर ब्राउझरमधून लॉगिन करून बघा, त्या दोन मिनिटांच्या कटकटीत पुष्कळदा विचार बदलतो. मंडळाचा एक मुख्य ग्रुप सोडून बाकीचे कायमचे म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका, तुम्ही बाहेर पडत नाही त्यामुळे कोणाला वाईटही वाटत नाही. गजरासाठी वेगळं घड्याळ आणा, म्हणजे सकाळी पहिला हात मोबाइलला लागणार नाही. बाकी स्क्रीन काळीपांढरी करणं वगैरे उपाय लोक सांगतात, करून बघा, पण त्यात फार जीव अडकवू नका.

मुलाचं. तो तुमच्या हाताकडे बघतो यात उद्धटपणा नाही, तो खरं तेच बघतोय. त्याला उपदेश करू नका, निदान सहा महिने नको. तुमच्या घरातली बंद पडलेली कुटुंबप्रार्थना परत सुरू करा, पण लहानपणीसारखी लांबलचक नको, दहा मिनिटं, तुमची ड्युटी नसेल त्या रात्री, जेवणाआधी. तिघांचे मोबाइल फ्रिजवर, आधी तुमचा. शास्त्रपाठ मुलाला वाचू द्या, अडखळला तर अडखळू द्या, मराठी वाचायची सवयच राहिलेली नाही या मुलांना, तीही हळूहळू होईल. गाणं त्याला निवडू द्या, त्याला गिटारवरचं नवीन हवं असेल तर तेच, आणि एक उपासना संगीतातलं तुमच्या आजीचं, पुस्तक उघडून, यूट्यूब न लावता. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं आपल्या आज्यांना अर्धवट शाळा शिकून पाठ होती कारण ती रोज तोंडात होती, ऐकायला दुसरं काही नव्हतं म्हणून नाही. मिस्टर मॅच लावून बसले तर भांडू नका, तुम्ही दोघं बसा. आणि प्रार्थनेत मुलाच्या मोबाइलबद्दल देवाला तक्रार करू नका, तो डोळे मिटून ऐकत असतो आणि त्याला कळतं की हे देवाला नाही, मला सांगितलं जातंय.

नगरला जाताना दौंड लाइनने गेलात तर केडगाव लागतं, नगरजवळचं नाही, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. १९०५ मध्ये तिथे जे संजीवन, म्हणजे मोठी आध्यात्मिक जागृती, झालं त्याची बातमी जगभर गेली, आजही आपल्या सभांमधून त्याच्याबद्दल बोलतात. पण त्या आधीचं कमी लोक सांगतात. त्या वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमायचं म्हणून बोलावलं तेव्हा सुमारे ७० जणी आल्या, आणि जूनच्या शेवटापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, रोज जमत राहिल्या. त्यात कितीतरी दिवस काहीही विशेष न घडता गेले असणार, दुष्काळातून आलेल्या मुली, विधवा, दळण, धुणी, शेत, आणि मध्ये प्रार्थना. त्याच बाईने पुढे हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम १९२२ मध्ये मरेपर्यंत केलं, आणि तिथल्याच बायकांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. एकेक अक्षर उचलून, उलटं लावून. मी हे तुम्हाला लाजवायला सांगत नाहीये. तुम्ही पंधरा मिनिटं बसाल आणि महिनाभर काहीच वाटणार नाही, तेव्हा केडगाव आठवा आणि दुसऱ्या दिवशी परत बसा, एवढ्यासाठी सांगतेय. आणि एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही.

राहिला ॲडमिनपणाचा प्रश्न. सोडू नका, वाटून घ्या. अजून दोघी ॲडमिन करा, आठवड्याच्या पाळ्या लावा, आणि ग्रुपचं सेटिंग बदलून फक्त ॲडमिनच मेसेज टाकतील असं करा. सुप्रभात आपोआप थांबेल. दफनविधीचं, आजारपणाचं कळवायचं असेल तर बहिणी ॲडमिनला फोन करतील, आणि फोनवर आवाज ऐकला की चार शब्द जास्त बोललेही जातात. प्रार्थनेच्या विनंत्यांसाठी एक दोनशे पानी वही करा, नाव, काय झालंय, आणि वार. तो वार लिहायचाच. तुमच्या पंधरा मिनिटांत त्या वहीतली त्या दिवसाची नावं घ्या, आणि त्यातल्या एकीला दुपारी फोन करा.

पाळकसाहेबांना जरूर भेटा, पण राजीनामा द्यायला नको, एक मागणं घेऊन जा, की रविवारी उपासनेत विनंत्या मोठ्याने वाचून प्रत्येक नावानंतर जरा थांबू या, आणि शास्त्रपाठाच्या वेळी सगळ्यांनी पुस्तक उघडू या. ते कदाचित म्हणतील वेळ पुरत नाही, आधीच उपासना दोन तास चालते. तसं म्हणाले तर वाद घालू नका. महिला मंडळाची सभा तुमच्या हातात आहे, तिथे पुढच्याच वेळी मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायला सांगा आणि वही उघडून सुरू करा.